डब्यातलं लाल बटण

लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तेजीला चांगलीच धाप लागली, तरी दार उघडताक्षणी त्याने आपलं म्हणणं मांडून टाकलं.

“विकायचं नाही.”

“आधी बूट काढ,” आई म्हणाली.

दारापाशी दादाचे जाड तळव्यांचे बूट आणि वहिनीच्या चपला आधीच पडल्या होत्या. म्हणजे हे दोघं लवकर येऊन आईच्या कानाशी लागले होते. तेजीला ते आवडलं नाही. कानाशी लागायचं तर ते आपण, असं तो ठरवून आला होता.

घरातल्या या मधल्या मुलाला ‘तेजी’ हे नाव बाबांनी ठेवलं होतं. शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरीला लागल्यापासून बाजार पडेल असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. बाजार पडायचा, तो काही तेजीला विचारून पडत नसे. गिऱ्हाइकांना तो छातीठोकपणे ‘थांबा, अजून चढेल’ म्हणायचा, आणि स्वतःचे चार शेअर असले की धीर सुटून लवकर विकून मोकळा व्हायचा. त्याने विकले की त्यांना पंख फुटायचे. यावर घरात पुष्कळ हसून झालं होतं, आणि त्या हसण्यात तोही सामील व्हायचा, पण प्रत्येक वेळी मनापासून नाही.

या खेपेला मात्र गोष्ट त्याच्या चार शेअरांची नव्हती. गोष्ट आईच्या शेअरांची होती. बाबा आयुष्यभर मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात होते. फोनवरची बटणं ज्या साच्यांतून निघत ते साचे त्यांच्या हाताखालचे. चलतीच्या दिवसांत कंपनी बोनसऐवजी शेअर द्यायची आणि बाबा ते इमानेइतबारे आईच्या नावावर टाकायचे. मग काचेचे फोन आले, बटणं गेली, आणि त्या शेअरांना कुणी हिंग लावून विचारेना. बाबा गेले तेव्हा ते कागद कपाटात होते ते तिथेच राहिले. आणि आता अचानक हवा उठली की परदेशातली एक मोठी कंपनी ही कंपनी विकत घेणार. नुसत्या हवेवर भाव दुप्पट झाला होता.

“मागच्या गल्लीतल्या तळमजल्याच्या घरवाल्याने महिनाअखेरपर्यंत शब्द दिलाय,” दादा म्हणाला. “उद्या सकाळी विकले तर घर आपलं. हिशेब सरळ आहे. आई हिवाळ्यापासून खाली उतरलेली नाही, तेजी. गुडघ्यांनी चार मजले होत नाहीत आणि लिफ्ट आठवड्यातले सहा दिवस झोपते.”

“मला काय कळत नाही?”

“कळतं तर आडवा का येतोस?”

“कारण उद्या विकलं तर तळमजला मिळेल, आणि बातमी जाहीर झाल्यावर विकलं तर तळमजला, पुढची मोकळी जागा आणि वर हातात काहीतरी राहील. घेणारी कंपनी चालू भावाच्या वर बोली लावते, दादा. तशी रीतच आहे.”

“बाजारात तुरी,” वहिनी म्हणाली आणि पुढची म्हण तिने चहाबरोबर गिळली. ती औषधांच्या दुकानात बसायची. गिऱ्हाइकाला नको ते ऐकवायचं नाही ही सवय तिने घरीही लावून घेतली होती.

“भावजी, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं का, एवढंच विचारते.”

“वहिनी, हातचं कुठे पळून चाललंय?”

दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याचा उजवा पाय चर्चेतसुद्धा अधूनमधून जमिनीवर दाबला जाई, आत्ताही दाबला गेला. “तुझी गाडी नेहमी चौथ्या गिअरमध्ये,” तो म्हणाला. “समोर भिंत असली तरी.”

आई खिडकीपाशी बसून ऐकत होती. तिच्या खिडकीतून मागच्या गल्लीचं तोंड दिसायचं आणि तळमजल्याच्या त्या घरासमोरचा बाक. त्या बाकावर बसणाऱ्या सगळ्या बायका तिला वरून ओळखीच्या झाल्या होत्या. खालून त्यातली एकही तिला ओळखत नव्हती.

“वाद कशाला?” ती म्हणाली. “डबा फिरवू या. आपली धाकटी बटण आली की.”

डबा म्हणजे बाबांचा जेवणाचा डबा. कारखान्यातून नापास झालेली बटणं बाबा खिशातून घरी आणायचे, आणि त्यातली फोन घ्यायची हिरवी नि फोन ठेवायची लाल अशी एकेक जोडी त्यांनी घरातल्या प्रत्येकाला दिली होती. सून आली तेव्हा ओटीत घातल्यासारखी तिच्याही हातात एक जोडी ठेवली. घरातला मोठा निर्णय असला की डबा फिरायचा. हो म्हणणाऱ्याने हिरवं टाकायचं, नको म्हणणाऱ्याने लाल. एक जरी लाल निघालं तरी बेत रद्द, आणि ते कुणाचं हे विचारायचं नाही. तोंडाने नाही म्हणायला धीर लागतो, बोटांना लागत नाही, असं बाबांचं मत होतं. तेजीचं कॉलेज, दादाची पहिली गाडी, गच्चीवरची कुत्री, सगळं या डब्यातून पास किंवा नापास झालं होतं.

“बटण यायच्या आधी एक,” तेजीने खुर्ची पुढे ओढली. “तिला कंपनीबद्दल कुणी काहीही विचारायचं नाही.”

“का?” दादा म्हणाला. “ती मोठ्या साहेबांची सेक्रेटरी. कोण येतं, कोण जातं, सगळं तिच्या टेबलावरून. तिला माहीत नसेल तर कुणाला?”

“म्हणूनच. कंपनीतल्या माणसाने आतली बातमी घरी सांगायची आणि घरच्यांनी त्यावर शेअर विकायचे-घ्यायचे, हा गुन्हा आहे. तिची नोकरी जाईल, माझी जाईल, वर चौकशी. म्हणून कंपनी नाही, साहेब नाही, ऑफिस नाही. ‘काम कसं चाललंय’ एवढंसुद्धा नाही. त्यातूनही काही निसटू शकतं.”

“मग बोलायचं काय?”

“हवापाणी.”

“हवापाण्यावर मला पाच मिनिटांच्या वर बोलता येत नाही,” दादाने प्रामाणिकपणे सांगितलं.

तेजी हे सगळं सज्जनपणे बोलत होता, आणि खोटंही बोलत नव्हता. फक्त एक गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. धाकट्या बहिणीला विचारायची त्याला गरजच नव्हती. तिच्याकडे नुसतं बघितलं की पुरे.

बटण आली ती एक खुर्ची घेऊन. खालचा वॉचमन घामाघूम होऊन मागचे पाय धरून होता आणि पुढून ही. काळी, उंच पाठीची, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची. वॉचमन ती दारात टेकवून कमरेला हात लावत निघून गेला.

“हे काय उचलून आणलंस?” आई म्हणाली.

“साहेबांची खुर्ची. आमच्याकडे जुन्या खुर्च्या काढल्या, त्यातली मी मागून घेतली. हातांवर जोर देऊन उठता येतं बघ, गुडघ्यांवर भार नाही.” तिने कपाळ पुसलं. “तेज्या, बरं झालं तू आहेस. मला जरा तुमच्याशी सगळ्यांशी—”

“थांब!” तेजी जवळजवळ ओरडला. मग आवाज खाली आणून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “ऑफिसचं असेल तर एक अक्षर बोलू नकोस. आजच्या दिवशी तर नाहीच. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

“अरे पण—”

“बटण, ऐक माझं. आज डबा फिरायचाय, शेअरांवर. आता तू काही बोललीस की आपण सगळे अडकलो.”

तिने दादाकडे पाहिलं. दादा छताकडे बघत म्हणाला, “यंदा उकाडा लवकर सुरू झाला, नाही का?” वहिनीने तिला पाण्याचा पेला दिला. आई म्हणाली, “बारीक झालीस गं,” आणि बटण म्हणाली, “उन्हातून आले.” तेवढ्यात दूध उतू गेलं, आई उठू लागली, वहिनी धावली, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

तेजी खुर्चीकडे बघत होता. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस तो. जुन्या खुर्च्या काढल्या म्हणजे नव्या येणार, नव्या येणार म्हणजे नवा मालक येणार. साहेबांचीसुद्धा काढली म्हणजे साहेबही नवे. त्याने मनातल्या मनात हे दोनदा तपासलं आणि त्यात त्याला कुठेही फट सापडली नाही.

हवापाण्यावरचं बोलणं दादाने शब्द दिल्याप्रमाणे पाचच मिनिटं टिकवलं. उकाडा झाला, रस्त्यातले खड्डे झाले, परवा एका शिकाऊ बाईंनी गाडी थेट फुलवाल्याच्या दुकानाला भेटवली ते झालं. मग विषय संपले. बटणने एक टोस्ट उचलला, चहात बुडवला आणि बुडवलेलाच धरून ठेवला. तो तुटून पेल्यात पडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

मग ती उठली. “आलेच,” म्हणाली आणि दाराशी गेली.

तेजी मान न वळवता नजर वळवून बघत राहिला. बटण खाली बसली आणि तिने चपला लावायला घेतल्या. दादाचे बूट भिंतीला, त्यांच्या शेजारी तेजीचे, वहिनीच्या चपला टाचेला टाच लावून, शेवटी स्वतःच्या. टोकं एका रेषेत आली नाहीत म्हणून तिने त्या पुन्हा सारख्या केल्या.

झालं. तेजीला आणखी काही नको होतं. बटणला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे, पण लपवता येत असे, आणि लपवायचं काही असलं की तिचे हात आपोआप चपलांकडे वळत. कुंडी फोडली, चपला रांगेत. गणितात नापास झाली, चपला रांगेत. बाबा कामावरून यायचे, उंबऱ्यातच ती रांग बघायचे आणि बाहेरूनच विचारायचे, “आज काय फुटलं?” मग ती रडत सगळं सांगायची आणि बाबा तिला मारायचे नाहीत.

तेजीने बाबांसारखी रांग ओळखली. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही.

‘हिला माहीत आहे,’ त्याच्या मनाने घेतलं. ‘बातमी पक्की आहे आणि बिचारीचं पोट फुगलंय.’

आईने डबा आणला. ‘उद्या सगळे शेअर विकायचे का?’ एवढाच सवाल होता. डबा टेबलाखालून एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर फिरला. तेजीच्या मुठीत दोन्ही बटणं होती. रबराची, झिजून गुळगुळीत झालेली. त्याने क्षणभर आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग दाराशी लागलेल्या रांगेकडे पाहिलं, आणि लाल टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरून आधी उतरणार नव्हता.

आईने डबा टेबलावर उपडा केला. चार हिरवी आणि एक लाल.

ते कुणाचं हे विचारायचं नसतं. पण दादाने बटणकडे पाहिलं, वहिनीने दादाकडे पाहिलं, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर एकच विचार उमटलेला तेजीने स्वच्छ वाचला आणि नजर आढ्याकडे वळवली. बटणने लाल टाकलं. जिला आतलं सगळं माहीत, ती विकू नका म्हणते.

“बरं,” आई म्हणाली. “नको तर नको.” आणि तिने खिडकीचा पडदा थोडा ओढून घेतला.

बटण त्या लाल तुकड्याकडे टक लावून बघत होती. तिने तोंड उघडलं, तेजीने तिच्याकडे डोळे वटारले, आणि तिने ते मिटलं.

निघताना दादाने तेजीला जिन्यात गाठलं. मघाचा विरोधी पक्ष एका लाल बटणाने मायेने खांद्यावर हात टाकता झाला होता. “तेजी, नवी गाडी घ्यायला मी पैसे बाजूला ठेवलेत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “उद्या सकाळी माझ्या नावावर हेच शेअर घे.”

“तू तर विकायच्या बाजूने होतास.”

“तेव्हा मला कुठे माहीत होतं? आता पोरीने सांगितलं ना. न बोलता सांगितलं, म्हणजे गुन्हाही नाही.”

“वहिनींना विचारलंस?”

“तिनेच सुचवलं.”

ते लाल माझं होतं, हे वाक्य तेजीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण डब्याचा नियम होता, विचारायचं नाही तसं सांगायचंही नाही. शिवाय बटणच्या मनात तेच आहे याची त्याला खात्री होती; तिचं हिरवं तिने भीतीपोटी टाकलं असणार. तेव्हा लाल कुणाचंही असलं तरी काय फरक पडतो? असं त्याने स्वतःला समजावलं, आणि स्वतःला समजावण्यात तो कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा सोपा होता. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच त्याने दादासाठी शेअर घेतले, आणि थोडे स्वतःसाठीही.

दोन दिवस भाव चढला. ऑफिसात तेजी शीळ वाजवत चहा आणायला स्वतः उठला, हे पाहून त्याच्या साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी विचारलंही, “आतली काही बातमी नाही ना रे?” तेजी म्हणाला, “मला कुणी एक शब्द सांगितलेला नाही,” आणि ते शंभर टक्के खरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या परदेशी कंपनीने चार ओळींचं निवेदन काढलं. असा कोणताही विचार नव्हता, नाही, आणि नजीकच्या काळात नसेल. दुपारी बटणांच्या कंपनीने दुसरी बातमी दिली, मुख्य ऑफिस बंद करून उरलेला कारभार कारखान्यात हलवत आहोत. तेजीच्या स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग खालपर्यंत गेली आणि घेणाऱ्यांची बाजू कोरी राहिली. गिऱ्हाइकांचे फोन त्याने घेतले. दादाचा तेवढा घेतला नाही.

संध्याकाळी आईने सगळ्यांना बोलावलं. लिफ्ट अर्थातच बंद होती. दादा तेजीच्या आधी पोचला होता आणि उभाच होता.

“घरवाल्याचा फोन आला होता,” दादा म्हणाला. “दुसरं गिऱ्हाईक लागलंय, रोख देणारं. मी म्हटलं, देऊन टाका. आपल्याकडे आता काय आहे? आईचे कागद रद्दीत आणि माझी गाडी खड्ड्यात.”

“भाव परत—” तेजीने सुरुवात केली.

“परत काय? म्हण, चढेल म्हण!”

“अहो, हळू,” वहिनी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. आपणच सुचवलं होतं हे ती विसरली नव्हती, आणि दादाने ते एकदाही काढलं नव्हतं. मग ती बटणकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण प्रेमही बेताचंच होतं. “नियम मोडून विचारते, बटण. तू लाल का टाकलंस? तुला माहीत नव्हतं तर गप्प हिरवं टाकायचंस.”

आई खिडकीपाशी साहेबांच्या खुर्चीत होती आणि बटण त्या खुर्चीच्या हातावर टेकून उभी होती. “मी हिरवंच टाकलं होतं,” ती म्हणाली.

दादाने मान वर केली.

“मला वाटत होतं विकावं. लगेच. ऑफिसात काय चाललंय ते मी बघत होते ना.”

“काय चाललं होतं?” दादाने विचारलं.

“मागच्या महिन्यात आमचा अख्खा मजला काढला. आधी टेलिफोनवाल्या मुली, मग हिशेबवाले, मग आम्ही. मला पत्र मिळून आज तीन आठवडे झाले. नोकरी नाहीये मला.” तिने हे पाठ केल्यासारखं, सरळ सांगितलं. “खुर्च्या भंगारवाल्याला देणार होते. साहेब म्हणाले, तुझा शेवटचा पगार अडलाय, निदान हवी ती खुर्ची ने. ज्याला कुणी विकत घ्यायला येणार असतं तो घर झाडूनपुसून ठेवतो, वहिनी. आमच्याकडे बल्बसुद्धा काढून नेले होते.”

“अगं, मग बोलली का नाहीस?” दादा म्हणाला. “तुझी नोकरी गेली हे सांगण्यात कसला गुन्हा? घरात कुणाला तरी सांगायचं!”

“डबा फिरला त्याच दिवशी सांगायला आले होते.” तिने तेजीकडे पाहिलं नाही, हे तिने मुद्दाम केलं. “दारातच गप्प केलं मला. मग म्हटलं, कुणीतरी विचारेल. कसं चाललंय तुझं, एवढं विचारलं असतं तरी मी सगळं ओकले असते. दादा, तू उकाड्यावर बोललास. खड्ड्यांवर बोललास. फुलवाल्याचं काय झालं ते सांगितलंस.” इथे तिचा आवाज फुटला. “मी रोज सकाळी डबा घेऊन माझ्या भाड्याच्या खोलीतून निघते आणि वाचनालयात जाऊन बसते. घरमालकिणीला कळू नये म्हणून.”

वहिनीने पुढे होऊन तिला जवळ घेतलं. दादा खाली बसला. तेजीला त्या दिवशी दाराशी लागलेली चपलांची रांग आठवली. ती रांग त्याने पाहिली होती, घरात एकट्याने पाहिली होती, आणि पोरीचं काय फुटलंय याऐवजी भाव किती चढेल हे त्याने तिच्यात वाचलं होतं. स्वतःची इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

“मग लाल कुणाचं?” दादा म्हणाला. “माझं नाही. हिचं नाही. बटणचं नाही.”

तेजी मनात शब्द जुळवत होता. तेवढ्यात खिडकीपाशून आवाज आला.

“माझं,” आई म्हणाली.

“तुझं?”

“हो. मलाच वाटलं, राहू दे. तुमच्या बाबांचे कागद. जीव होईना विकायला.” ती पदराच्या टोकाशी खेळत होती. “माझे शेअर, माझे गुडघे. कुणाला बोल लावायचा तर मला लावा.”

दादाचा राग एकदम उतरला. आईवर कुठला मुलगा चिडणार? “असू दे गं,” तो म्हणाला. “होतं असं.” वहिनीनेही मान हलवली. प्रकरण मिटल्यात जमा होतं. तेजीने फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मिटणार होतं.

तो उठून दाराशी गेला. आपण निघालोय की थांबलोय हे त्याला स्वतःला कळेना. समोर सगळ्यांच्या चपला घाईत काढलेल्या, वेड्यावाकड्या पडल्या होत्या. तो उकिडवा बसला. दादाचे बूट त्याने भिंतीला लावले. वहिनीच्या चपला शेजारी ठेवल्या. आईच्या हिवाळ्यापासून न वापरलेल्या चपला कोपऱ्यात होत्या, त्यांच्यावरची धूळ त्याने रुमालाने पुसली आणि त्याही रांगेत ठेवल्या.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“तेज्या,” बटण म्हणाली. “काय फुटलं?”

त्याला वर बघवेना. “लाल माझं होतं,” तो तिला म्हणाला. मग उठला, खोलीत आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, “आई खोटं बोलतेय. लाल मी टाकलं होतं. जिन्यात दादाला सांगता आलं असतं, तिथेही मी गप्प बसलो.”

दादाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला आणि तसाच राहिला. “जिन्यात,” तो म्हणाला. “माझा हात तुझ्या खांद्यावर होता.”

“हो.”

“हात उचलावासा वाटतोय तुझ्यावर. लहान असतास तर उचललाही असता.”

“उचल.”

“बास,” आई म्हणाली. “मला माहीत होतं तेजीचंच ते.”

“कसं?”

“कसं म्हणजे? डबा उपडा केला तेव्हा सगळे लाल कुणाचं म्हणून एकमेकांकडे बघत होते. हा एकटा आढ्याकडे बघत होता.” तिने साहेबांच्या खुर्चीचे हात चाचपले आणि जोर देऊन उठली. खरंच, गुडघ्यांवर भार न देता उठता आलं. मग ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली आणि मांडीवर पदर सारखा केला. “आता तुम्ही दोघं उचला मला.”

“कुठे?” दादाने विचारलं.

“खाली. त्या बाकापाशी. घर नाही तर नाही, बाक काही कुणी विकत घेतलेला नाही. भांडायचं ते जिन्यात भांडा, म्हणजे चढ-उतार कळणार नाही.”

दादाने पाठीची बाजू धरली, तेजीने पायांची. वहिनी पुढे होऊन जिन्यातल्या सायकली बाजूला करत गेली. प्रत्येक वळणावर दादा ‘डावीकडे घे, अजून, अजून, ब्रेक’ म्हणत होता आणि तेजी एक शब्द न बोलता घेत होता. दोघांत एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या मजल्यावर आई म्हणाली, “पाडू नका रे, साहेबांची खुर्ची आहे,” आणि बटणला हसू फुटलं.

बाकावरच्या बायकांनी सरकून जागा केली. आईने त्यांच्याकडे ओळखीचं हसून पाहिलं. त्या गोंधळल्या, पण हसल्या. तिने खुर्ची वळवून घेतली, बटणला समोर बाकावर बसवलं आणि तिचा हात हातात धरला.

“आता सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. पत्र कधी आलं, कुणी दिलं, तू जेवलीस की नाही त्या दिवशी, सगळं. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.”

तेजीने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं, आणि तो खाली जमिनीवर बसून ऐकू लागला.